मुलाच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने व्हावी, हे चिठ्ठीवर सोडावे का?

प्रश्न
कोपरखैरणेकर आई

नमस्कार. माझा मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत शिकतो. गेल्या दीड वर्षापासून तो रात्री इतका घोरतो की पलीकडच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंनाही आवाज ऐकू जातो. मला मात्र त्या आवाजापेक्षा मध्येच पडणाऱ्या शांततेची अधिक भीती वाटते, कारण त्या काही सेकंदांत त्याची छाती हलत असते, पण नाकातोंडातून हवा जात नाही, आणि मग तो एकदम दचकून तोंड उघडतो व श्वास ओढून घेतो. सकाळी उठल्यावर तो चिडचिडा असतो. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे, आणि वर्गात लक्ष नसते अशी बाईंची तक्रार आहे.

वाशीतील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्याला तपासून दोन्ही टॉन्सिल मोठे असल्याचे आणि नाकामागची अॅडेनॉइडची गाठही वाढली असल्याचे सांगितले. त्यांच्या सल्ल्याने एका रात्रीची झोपेची तपासणी केली, तेव्हा तासाला सरासरी ७ वेळा श्वास अडखळतो असे दिसले. टॉन्सिल आणि अॅडेनॉइड दोन्ही काढावेत, असे त्यांचे मत पडले.

दुसरे मत घ्यावे म्हणून आम्ही नवी मुंबईतीलच एका अध्यापन रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांचेही मत शस्त्रक्रियेच्याच बाजूचे होते. मात्र बोलणे संपत आल्यावर त्यांनी एक माहितीपत्रक आमच्या हाती दिले आणि त्यांच्याकडे चालू असलेल्या एका अभ्यासात मुलाला सहभागी करून घ्यायला आमची हरकत आहे का, असे विचारले. या अभ्यासात निम्म्या मुलांचे टॉन्सिल साध्या हत्यारांनी, म्हणजे जुन्या पद्धतीने, काढले जाणार आहेत आणि निम्म्यांचे कॉब्लेशन नावाच्या यंत्राने, आणि मग दोन्ही गटांतील मुलांच्या वेदना, रक्तस्राव व खाणेपिणे पूर्ववत होण्याचा काळ यांची तुलना होणार आहे. कोणत्या मुलाला कोणती पद्धत मिळणार हे पत्रकातील शब्दांत सांगायचे तर ‘यादृच्छिकीकरणाने’ ठरेल. मी याचा अर्थ विचारला, तेव्हा तिथल्या निवासी डॉक्टरांनी अगदी सौम्यपणे सांगितले की एका अर्थाने चिठ्ठी टाकूनच.

तेव्हापासून घरात एकमत नाही. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे आहोत. सासूबाई म्हणतात की डॉक्टरांना ठाऊक नसेल तर त्यांनी तसे सांगावे, पोराच्या घशावर कौल लावू नये. यजमानांचे म्हणणे असे की महागडे यंत्र म्हणजे चांगले यंत्र, तेव्हा पैसे भरून खासगी रुग्णालयात कॉब्लेशनच करून घ्यावे. मला यांपैकी कोणतेच मत पूर्णपणे पटत नाही, पण ते का पटत नाही हेही नीट मांडता येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे, हे अभ्यासातून सिद्ध झालेले आहे काय? दोन पद्धतींपैकी एक चांगली आहे हे डॉक्टरांना माहीत असूनही ते चिठ्ठी टाकत असतील काय? आणि आपल्या मुलाला अशा अभ्यासात घालणे हे आईवडील म्हणून योग्य आहे काय? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. शक्य झाल्यास गणपतीला गावी जाण्याआधी शस्त्रक्रिया उरकावी, असा आमचा विचार आहे.

उत्तर १
घोडबंदर रस्त्यावरची एक पालक

आपले वर्णन वाचताना माझ्याच घरातील रात्री आठवल्या. माझ्या मुलीचे टॉन्सिल आणि अॅडेनॉइड ती सात वर्षांची असताना काढले. अभ्यास आणि चिठ्ठी यांविषयी बोलण्याची माझी पात्रता नाही, परंतु आपल्या शेवटच्या वाक्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे कृपा करून गावी जाऊ नका.

आम्हालाही सुरुवातीला वाटले होते की अवघड भाग शस्त्रक्रियेचा दिवस असतो. तो दिवस सुरळीत गेला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. घशात पांढरट पापुद्रा दिसू लागला तेव्हा पू झाला असे समजून मी घाबरले, पण ती जखम भरण्याची नेहमीची खूण असते असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा कान दुखू लागला. घसा आणि कान यांना जोडणाऱ्या सामाईक नसेमुळे घशाची वेदना कानात जाणवते आणि कानाला काही झालेले नसते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर एक रात्र मी शांतपणे झोपले असते.

सातव्या रात्री अडीचच्या सुमारास ती उठून बसली आणि तिच्या उशीवर ताजे लाल रक्त होते. आम्ही तिला मांडीवर पुढे झुकवून बसवले, रक्त गिळू न देता थुंकायला सांगितले आणि तसेच निघालो. रात्रीची वेळ असूनही कापूरबावडी ते माजिवडा या टप्प्यात अवजड वाहनांची रांग होती, आणि तेवढ्या अंतरात मी किती वेळा मागे वळून तिच्या तोंडाकडे पाहिले ते सांगता येणार नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत रक्त आपोआप थांबले होते, तरी त्यांनी तिला सलाइन लावून एक पूर्ण दिवस देखरेखीखाली ठेवले आणि पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेण्याची वेळ आली नाही. पापुद्रा सुटताना, म्हणजे साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, असा रक्तस्राव काही मुलांना होतो, असे नंतर समजले.

हे सगळे गावी, रात्री, तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असताना घडले असते तर, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही. त्यामुळे तारीख ठरवताना गणपतीच्या आधी किमान पंधरा-वीस दिवस मोकळे राहतील असे पाहा, नाहीतर सण झाल्यावरची तारीख घ्या.

शेवटी एक चांगली गोष्ट सांगते. सहाव्या आठवड्यात ती तोंड मिटून झोपली होती आणि खोलीत काहीच आवाज नव्हता, म्हणून मीच घाबरून उठले आणि तिच्या नाकाशी हात नेऊन पाहिला. त्या शांततेची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले.

उत्तर २
निवृत्त कान-नाक-घसा शिक्षक, ठाणे

मी आपल्या मुलाला तपासलेले नाही, त्यामुळे पुढील लेखन हा उपचाराचा सल्ला समजू नये. परंतु आयुष्याची बरीच वर्षे ही शस्त्रक्रिया करण्यात आणि शिकवण्यात गेली असल्याने आपल्या सासूबाईंच्या प्रश्नाने मी विचारात पडलो, आणि त्याचे उत्तर देणे मला कर्तव्य वाटते.

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळेतील ११ वर्षांच्या १,००० मुलांची पाहणी झाली होती. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना शालेय डॉक्टरांसमोर उभे केले, तेव्हा त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्या २१५ जणांना ‘गरज नाही’ असे सांगितले होते त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवल्यावर त्यांच्यातील ९९ जणांना शस्त्रक्रिया सुचवली गेली, आणि त्यातूनही राहिलेल्या ११६ जणांना तिसऱ्यांदा तपासल्यावर आणखी ५१ जणांना. अखेर हजारांतून केवळ ६५ मुले उरली. प्रत्येक वेळी समोर आलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया सांगितली जात होती, मग ती मुले आधी निरोगी ठरलेली असली तरीही. हे डॉक्टर लबाड नव्हते. आपण नेमके निदान करत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, परंतु ती समजूत तपासून पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्या मुलांच्या बाबतीतही कौल लागतच होता. मूल कोणत्या डॉक्टरांच्या दारात जाते यावर त्याचा घसा अवलंबून होता, आणि त्या कौलातून कोणालाही काही शिकता येत नव्हते.

आता आपल्या प्रश्नांकडे वळतो. त्यांत दोन निराळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रिया करावी की नाही ही एक, आणि कोणत्या पद्धतीने करावी ही दुसरी. त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पहिल्या गोष्टीवर बरेच काम झालेले आहे. वारंवार घसा सुजणाऱ्या मुलांविषयीचा पिट्सबर्गचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दर वर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दर वर्षी ३ वेळा घसा बिघडला असेल तरच मुलाला त्यात प्रवेश होता, आणि तीच मोजपट्टी आज जगभर वापरली जाते. आपल्याला विशेष वाटेल अशी त्यातील गोष्ट म्हणजे १८७ मुलांपैकी ९१ मुलांचा गट चिठ्ठीने ठरला, तर ९६ मुलांचा गट आईवडिलांच्या पसंतीने. ज्यांना चिठ्ठी नको होती त्यांना घरी पाठवले नाही, तर त्यांचीही स्वतंत्र नोंद ठेवली. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पहिली दोन वर्षे स्पष्ट लाभ झाला, परंतु शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकीही अनेकांचा त्रास काळानुसार कमी झाला. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की या अभ्यासाचे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच लक्षात ठेवा.

आपल्या मुलाचा प्रश्न मात्र घसा सुजण्याचा नसून झोपेत श्वास अडण्याचा आहे, आणि त्यासाठी निराळे पुरावे पाहावे लागतात. अमेरिकेत ५ ते ९ वर्षे वयाच्या ४६४ मुलांवर झालेला ‘चॅट’ नावाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांची शस्त्रक्रिया लगेच केली आणि इतरांना देखरेखीखाली थांबवून ठेवले. सात महिन्यांनी पुन्हा झोपेची तपासणी केली, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची, तर थांबलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची तपासणी सामान्य आली. लक्ष आणि नियोजनक्षमता मोजणाऱ्या ज्या चाचणीसाठी हा अभ्यास मुख्यतः आखला होता, तिच्यात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वागणूक, दिवसाची सुस्ती, घोरणे आणि जीवनमान यांत मात्र शस्त्रक्रियेचा गट उजवा ठरला. फार सौम्य त्रास असलेल्या, म्हणजे मुख्यतः घोरणाऱ्या, ४५९ मुलांचा ‘पॅट्स’ हा अभ्यास २०२३ साली आला, त्याचाही कल असाच होता: लक्षाच्या चाचणीत फरक नाही, परंतु लक्षणे, वागणूक आणि रक्तदाब यांत सुधारणा.

याचा अर्थ असा की शस्त्रक्रियेने मुलगा अभ्यासात पुढे जाईल, असे आश्वासन कोणी देत असेल तर ते पुराव्यापलीकडचे आहे. पण रात्री त्याला श्वास नीट मिळेल आणि दिवसा तो अधिक प्रसन्न राहील, ही अपेक्षा पुराव्याला धरून आहे. तासाला ७ हा आकडा मुलांच्या मानाने दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण मोठ्यांत तासाला पाचपर्यंत चालते तसे मुलांत चालत नाही, एकच्या वर गेले तरी आम्ही दखल घेतो. त्यातच आपण वर्णन केलेली दिवसाची लक्षणे आहेत. दोन स्वतंत्र तज्ज्ञांचे मत जुळले याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तारीख येईपर्यंत नाकात साध्या मिठाच्या पाण्याचा फवारा वापरता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. ऑस्ट्रेलियातील २७६ मुलांच्या एका अभ्यासात सहा आठवडे स्टिरॉइडचा फवारा घेतलेल्यांपैकी ४४ टक्के आणि नुसते मिठाचे पाणी घेतलेल्यांपैकी ४१ टक्के मुलांची लक्षणे नाहीशी झाली होती. त्या मुलांची निवड लक्षणांवरून झाली होती, सगळ्यांची झोपेची तपासणी झालेली नव्हती, त्यामुळे हा आकडा आपल्या मुलाला जसाच्या तसा लागू करू नये. तरीही हा उपाय निरुपद्रवी आहे.

दुसरी गोष्ट पद्धतीची. कॉब्लेशनमध्ये मिठाच्या द्रावणातून विद्युतऊर्जा सोडून ऊती तुलनेने कमी तापमानाला, साधारण ४० ते ७० अंश सेल्सिअसला, विरघळवल्या जातात. डायथर्मीमध्ये, म्हणजे विजेच्या उष्णतेने ऊती कापण्याच्या पद्धतीत, याहून कितीतरी अधिक उष्णता निर्माण होते. त्यामुळे कॉब्लेशनने वेदना कमी होतील ही कल्पना तर्काला धरून होती. परंतु तर्क आणि अनुभव यांत अंतर असते. २०१७ साली २९ अभ्यासांतील २,५६१ रुग्णांची माहिती एकत्र करून जो आढावा घेतला गेला, त्यात पहिल्या दिवशी वेदना किंचित कमी असल्याचे दिसले, पण तो फरक रुग्णाला जाणवेल इतका होता की नाही याचीच शंका होती, आणि सातव्या दिवसापर्यंत तो जवळजवळ उरला नव्हता. उशिराच्या रक्तस्रावाबाबत कॉब्लेशन सरस ठरले नाही. त्याआधी २००३-०४ मध्ये इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधील जवळपास ३४,००० शस्त्रक्रियांची जी मोठी नोंद झाली, तिच्यात उष्णतेवर चालणाऱ्या पद्धतींनंतर रक्तस्राव साध्या हत्यारांच्या मानाने अधिक आढळला होता. ती नोंद होती, चिठ्ठीचा अभ्यास नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे, कारण कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत द्यायची हे तिथे शल्यविशारदाने स्वतः ठरवले होते.

चिठ्ठीचे कारणही यातच आहे. निवड माझ्या हाती दिली तर मी नकळत अवघड, फार मोठे किंवा पूर्वी पिकलेले टॉन्सिल माझ्या आवडत्या पद्धतीकडे पाठवीन, किंवा ती पद्धत सुरेख दिसावी म्हणून सोपेच रुग्ण तिच्याकडे वळवीन, आणि शेवटी जो फरक दिसेल तो पद्धतीचा की रुग्णांचा हे कळणार नाही. क्रमांक घातलेले, आतले दिसणार नाही असे बंद पाकीट ऐन वेळी उघडले की माझ्या आवडीनिवडीला त्यात जागा राहत नाही.

तेव्हा आपल्या सासूबाईंना माझ्या वतीने असे सांगा की त्यांची अट अगदी रास्त आहे. डॉक्टरांना ठाऊक नसेल तर त्यांनी तसे सांगितलेच पाहिजे. त्या निवासी डॉक्टरांनी दिलेले पत्रक हे मुळात तेच सांगणे आहे. आणि यजमानांना सांगा की यंत्राची किंमत हा पद्धतीच्या गुणाचा पुरावा नव्हे.

वेदनाशामकांविषयी एक सूचना देऊन थांबतो. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही औषधे पहिले काही दिवस घड्याळ लावून दिली तर मूल पाणी पिते, आणि पाणी पिणारे मूल लवकर सावरते. कोडीन असलेले कोणतेही औषध, खोकल्याचेसुद्धा, देऊ नये. काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिनमध्ये अतिवेगाने रूपांतर होऊन श्वास मंदावतो. टॉन्सिल काढल्यानंतर अशा रीतीने मुले दगावल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्यावर कडक इशारा दिला आणि २०१७ साली १२ वर्षांखालील मुलांसाठी ते पूर्णपणे वर्ज्य ठरवले. या नियमाला अपवाद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोपरखैरणेकर आई

आपणा दोघांचे मनापासून आभार. सरांचे उत्तर मी काल रात्री सासूबाईंना वाचून दाखवले. न्यूयॉर्कच्या मुलांची गोष्ट ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, आणि मग म्हणाल्या की निदान हे डॉक्टर लिहून तरी ठेवत आहेत.

आता माझ्या मनात व्यावहारिक शंका उरल्या आहेत. आम्ही नाही म्हटले तर त्याच रुग्णालयात मुलाकडे लक्ष देण्यात फरक पडेल काय? कॉब्लेशनच्या सुट्या भागाचा खर्च कोणी द्यायचा? आणि या सगळ्यावर रुग्णालयाबाहेरच्या कोणाची नजर असते काय?

उत्तर ३
नैतिकता समितीचा एक सामान्य सदस्य, नेरुळ

मी डॉक्टर नाही. मी शाळेत मराठी शिकवत असे, आणि निवृत्तीनंतर एका वैद्यकीय संस्थेच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून बसतो. ती संस्था आपण लिहिलेलीच आहे की दुसरी, हे मी सांगणार नाही आणि आपणही विचारू नये, परंतु नियम सर्वत्र एकच आहेत.

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. २०१९ सालच्या नवीन औषधे आणि चिकित्सा चाचणी नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतील निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि त्यांत एक कायदा जाणणारी व्यक्ती, एक महिला आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य माणूस असलाच पाहिजे. त्या शेवटच्या खुर्चीवर मी बसतो. समितीने मान्यता दिल्याशिवाय एकाही रुग्णाला अभ्यासात घेता येत नाही. याशिवाय प्रत्येक चाचणीची नोंद भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत, म्हणजे ‘सीटीआरआय’वर, करावी लागते. ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद झालेली असली पाहिजे, नंतर केलेली नोंद स्वीकारली जात नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी होणारे अभ्यासही तिथे नोंदवले जातात. आपल्या पत्रकावर हा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते पाहा. असल्यास तो संकेतस्थळावर टाकल्यावर एकूण किती मुले घेणार, काय मोजणार आणि प्रमुख संशोधक कोण, हे आपल्याला घरी बसून वाचता येईल.

नकार दिल्यास उपचारात फरक पडता कामा नये, आणि होकार दिल्यानंतरही कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता, माघार घेता येते. ही दोन्ही वाक्ये संमतीपत्रात नसतील तर ते संमतीपत्र अपुरे आहे. खर्चाविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: नेहमीच्या उपचारापलीकडे केवळ संशोधनामुळे होणारा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकू नये. कॉब्लेशनचा कांडीसारखा भाग एकदाच वापरायचा असून महाग असतो, म्हणून तो कोण देणार हे लेखी मागा. अभ्यासामुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोणाकडून मिळणार, हेही पत्रकात लिहिलेले असले पाहिजे.

आता ज्या शब्दाने आपण अडखळलात त्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझा जीव त्यात गुंतलेला आहे. समितीसमोर येणाऱ्या मराठी पत्रकांत ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द मी कित्येकदा खोडला आहे. तो चुकीचा नाही, परंतु तो वाचून कोणालाही काही समजत नाही, आणि न समजता केलेल्या सहीला मी संमती मानत नाही. त्याऐवजी काय लिहावे यावर आमच्या समितीत दोन बैठका चर्चा झाली. ‘नाणेफेक’ म्हटले तर पालकांना जुगार वाटतो. ‘दैवयोगाने’ म्हटले तर डॉक्टरांनी जबाबदारी देवावर टाकली असे वाटते. ‘संगणक ठरवील’ म्हटले तर संगणकाने मुलाचा अभ्यास करून योग्य पद्धत निवडली असा गैरसमज होतो, आणि तो सर्वांत घातक, कारण तो सुखावणारा आहे. शेवटी आम्ही एक लांब वाक्य मान्य केले: ‘या दोन पद्धतींपैकी कोणती अधिक चांगली हे आज डॉक्टरांना निश्चित माहीत नाही, म्हणून आपल्या मुलाला कोणती पद्धत मिळेल हे डॉक्टर किंवा आपण न निवडता, चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरेल, आणि दोन्ही पद्धती मिळण्याची शक्यता सारखीच आहे.’ शब्द वाढले, पण या वाक्यावर पालक थांबतात आणि प्रश्न विचारतात. आपणही विचारलात, यातच त्या निवासी डॉक्टरांनी आपल्याला खरे सांगितले याची खूण आहे.

अशा अभ्यासाचे आपल्या देशाला झालेले एक मोठे देणेही सांगावेसे वाटते. पूर्वी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवल्याशिवाय तो बरा होणार नाही, असे मानले जाई, आणि तिथे जागा मिळणे गरिबाला अशक्य होते. मद्रासमध्ये १९३ रुग्णांना चिठ्ठीच्याच पद्धतीने घरी किंवा आरोग्यधामात ठेवून औषधे दिली गेली, आणि घरचा उपचार तितकाच गुणकारी ठरतो, शिवाय कुटुंबीयांना अधिक धोकाही होत नाही, हे १९५९ साली सिद्ध झाले. त्या एका निष्कर्षाने असंख्य माणसे आपल्या घरात राहून बरी झाली. टॉन्सिलच्या पद्धतीचा अभ्यास त्या तोलाचा नाही, हे मला कळते. परंतु महाग कांडी खरोखर आवश्यक आहे की नाही हे समजणे, ज्या पालकांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हे.

आपला मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणून त्याची औपचारिक अनुमती लागत नाही; ती सात वर्षांपासून तोंडी आणि बारापासून लेखी घेतात. तरीही त्याला सांगा. आणि एक प्रश्न अवश्य विचारा, जो आमच्या समितीतही फार उशिरा कोणाला तरी सुचला: दोन्ही पद्धतींच्या शस्त्रक्रिया सारख्याच अनुभवाच्या हातांनी होणार आहेत काय? एक पद्धत वरिष्ठ प्राध्यापक करणार आणि दुसरी शिकाऊ डॉक्टर, असे असेल तर ती तुलना पद्धतींची राहत नाही आणि आपल्या मुलाच्या दृष्टीनेही ते योग्य नाही.

उत्तर २ चे लेखक, पुरवणी

समितीच्या सदस्यांनी सुचवलेला हा शेवटचा प्रश्न मीही पहिल्याच दिवशी विचारला असता. त्याला जोडून आणखी एक विचारावे: रात्री रक्तस्राव झाला तर कान-नाक-घसा विभागाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघेही रुग्णालयात हजर असतात की घरून बोलवावे लागतात? आपल्या मुलाला झोपेत श्वास अडण्याचा त्रास असल्याने शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री त्याला रुग्णालयातच ठेवून रक्तातील प्राणवायूवर नजर ठेवणार आहेत ना, याचीही खात्री करून घ्यावी. माझ्या दृष्टीने पद्धतीच्या निवडीपेक्षा या व्यवस्थेने अधिक फरक पडतो.

कोपरखैरणेकर आई

पत्रकावर नोंदणी क्रमांक होता. तो संकेतस्थळावर शोधला, तेव्हा नोंद सापडली आणि तिच्यातील तारीख अभ्यास सुरू होण्याच्या आधीची आहे. माघार घेण्याचे आणि नकाराचा उपचारावर परिणाम न होण्याचे वाक्य तिसऱ्या पानावर आहे. कांडीचा खर्च विभाग करणार, असेही त्याखाली लिहिलेले सापडले. पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून ते निसटले होते.

सावंतवाडीची तिकिटे आम्ही आज रद्द केली. यजमान आणि मी बुधवारी ओपीडीत जात आहोत, आणि या वेळी सासूबाईही सोबत येणार आहेत. शस्त्रक्रिया कोण करणार, हे आठ पानांत कुठेही लिहिलेले नाही. वहीत तो प्रश्न सर्वांत वर लिहिला आहे आणि त्याखाली रात्रीच्या भूलतज्ज्ञांचा.